मराठी मुलांच्या उच्चारदोषांवर संशोधन करायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा: बीएएसएलपीची (श्रवण आणि वाचा-भाषा विकारांच्या पदवीची) इंटर्नशिप चालू आहे, लहान मुलांच्या उच्चारदोषांत रस आहे, पुढे क्लिनिक थाटण्यापेक्षा संशोधन आणि अध्यापन करायचं आहे. विषय कोणता घ्यावा, पीएचडी कुठून करावी, आणि या वाटेवर पोट भरतं का?

विषयापासून सुरुवात करू या, कारण मार्गदर्शक आणि संस्था दोन्ही त्यावरून ठरतात. आधी संस्था गाठून मग तिथे जो मिळेल तो विषय घेणाऱ्यांची पीएचडी बहुतेक वेळा दुसऱ्याच्या प्रकल्पाची शेपूट होते.

पालक ‘बोबडं बोलतो’ किंवा ‘जीभ जड आहे’ म्हणतात, तेव्हा त्या एका शब्दाखाली निरनिराळी मुलं असतात. वाचा-भाषा संशोधक बार्बरा डॉड यांचं वर्गीकरण इथे उपयोगी पडतं. ‘स’ म्हणताना जीभ दातांमधून बाहेर काढणारं मूल, जे नक्कल करतानाही तसंच बोलतं, त्याचा प्रश्न त्या एका ध्वनीच्या घडणीचा आहे. चार वर्षांचं मूल ‘काका’ला ‘ताता’ आणि ‘साखर’ला ‘ताखल’ म्हणतं, ते लहान वयात सगळेच लावतात असा नियम लावतंय, फक्त उशिरापर्यंत. ‘पाणी’ला ‘आणी’, ‘बाबा’ला ‘आबा’, अशी शब्दारंभीची व्यंजनं सर्रास गाळणाऱ्याचा नियम मात्र मराठीच्या सामान्य वाढीत दिसणाऱ्यांपैकी नाही. चौथं मूल ‘घड्याळ’ एकाच बैठकीत तीन वेळा तीन प्रकारे म्हणतं. हे तपासायला २५ शब्द, मध्ये दुसरा खेळ घालून, तीनदा म्हणवून घेतात. ४० टक्के किंवा त्याहून जास्त शब्द बदलले तर विसंगत उच्चारांचा गट. बालवयातला वाचिक अप्रॅक्सिया, म्हणजे बोलण्याच्या हालचालींची मेंदूत नीट आखणी न होणं, याहून निराळा. अमेरिकेतल्या वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या ‘आशा’ (ASHA) या संघटनेच्या २००७ च्या अहवालात त्याच्या तीन खुणा दिल्या आहेत: एकच शब्द पुन्हा म्हणताना स्वर आणि व्यंजनांत वेगवेगळ्या चुका, एका ध्वनीवरून दुसऱ्यावर जाताना लांबलेला किंवा अडखळलेला सांधा, आणि बिघडलेली लय-आघात.

हे सगळे गट एकत्र ढवळून ‘उच्चारदोष असलेली ३० मुलं’ असा नमुना घेतला की प्रबंध तिथेच बुडतो. कारणं निराळी, उपचार निराळे, आणि सरासरी कुणाचीच नसते. याच कारणाने इतिहास घेताना जिभेखालचा पडदा कापून आणलेल्या मुलांची वेगळी नोंद करा. ‘क’ जिभेच्या मागच्या भागाने होतो. पुढचा पडदा कापून ‘काका’चं ‘ताता’ सुटत नाही. पण पालकांनी वर्षभर त्यावरच भरवसा ठेवलेला असतो, आणि उपचार उशिरा का सुरू झाला हे त्यातून कळतं.

आता मराठीच का? २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८.३ कोटी लोक होते. शॅरिन मॅकलाउड आणि कॅथरिन क्रो यांनी २०१८ मध्ये २७ भाषांमधल्या व्यंजनप्राप्तीचा आढावा घेतला. पाच वर्षांपर्यंत बहुतेक व्यंजनं येतात हा त्याचा ढोबळ निष्कर्ष. आपल्या क्लिनिकमध्ये मात्र ‘कोणता ध्वनी केव्हा यावा’ याचं उत्तर पुष्कळदा इंग्रजी तक्त्यावरूनच दिलं जातं. त्या तक्त्यात ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही, महाप्राण वेगळे मोजलेले नाहीत, ‘कोल्हा’तला ‘ल्ह’ नाही. ‘चाक’मधला आणि ‘चिमणी’मधला ‘च’ वेगळे आहेत, ‘झाड’ आणि ‘झेंडा’ यांचे ‘झ’ वेगळे आहेत, याचाही त्यात पत्ता नाही. मराठीचे स्पर्श चौपदरी आहेत: प, फ, ब, भ. मूल यातला प्राण (‘फ’, ‘भ’मधला हवेचा झोत) आधी सांभाळतं की घोष (‘ब’, ‘भ’मधला स्वरतंतूंचा कंप), आणि ‘भ’ चुकतो तेव्हा त्याचा ‘ब’ होतो की ‘प’, हा एकच प्रश्न पाच वर्षांचं काम देतो. जगातल्या वाचकालाही तो महत्त्वाचा वाटेल, कारण असा चौपदरी भेद मोजक्याच भाषांत आहे.

विषय असा अरुंद असावा. ‘मराठी मुलांमधील उच्चारदोषांचा अभ्यास’ हा विषय नव्हे. ‘तीन ते पाच वयात ळ आणि ल यांचा भेद: घरी फक्त मराठी बोलणारी आणि मराठी-हिंदी बोलणारी मुलं’ हा विषय होतो. उच्चार चुकणारं मूल पहिलीत अक्षरं लिहिताना त्याच जागी चुकतं का, हाही होतो. बोबडेपणा आणि वाचन यांच्या नात्यावर बरंच लिहिलं गेलंय, पण ते बहुतांशी रोमन लिपी शिकणाऱ्या मुलांबद्दल.

बोली हा या कामातला सगळ्यात मोठा खड्डा आहे, म्हणून इथे थोडं थांबू. वऱ्हाडात ‘काळा’चा ‘काया’ ऐकू येतो, खानदेशात ‘डोळा’चा ‘डोया’, आगरी-कोळी बोलींत ‘ळ’चा ‘ल’, आणि ‘पाणी’चं ‘पानी’ तर महाराष्ट्राच्या मोठ्या भागात. अशा घरातल्या मुलाने ‘पानी’ म्हटलं तर ते बरोबर आहे. पुणेरी प्रमाण कान लावून त्याला चूक दिली की आकड्यांत ‘विकार’ वाढतो आणि एका सुदृढ मुलाच्या कागदावर शिक्का बसतो. उपाय सोपा आहे, फक्त कष्टाचा: प्रत्येक मुलाबरोबर घरातल्या एका मोठ्या माणसाकडून तीच चित्रं म्हणवून घ्या. दहा मिनिटं लागतात. त्या घरात मोठ्यांचा जो उच्चार, तो त्या मुलाचा मापदंड. डेक्कन कॉलेजने केलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाचं ध्वनिमुद्रित साहित्य संकेतस्थळावर आहे. काम सुरू करण्याआधी आपल्या जिल्ह्याचे नमुने तिथे ऐकून घ्या.

शब्दयादी बनवताना ८० च्या आसपास चित्रं पुरतात. प्रत्येक व्यंजन शब्दाच्या आरंभी, मध्ये आणि शेवटी, निदान दोन-दोन वेळा यावं. ‘ण’ आणि ‘ळ’ मराठीत शब्दारंभी येत नाहीत, तिथे रकाना रिकामाच राहतो. हिंदी यादीचं भाषांतर करून घेतलं तर ही गफलत हमखास होते. यादीत छोट्या शब्दांबरोबर ‘घड्याळ’, ‘कणीस’, ‘कावळा’ असे लांब शब्दही हवेत, कारण पुष्कळ मुलांचा ‘क’ ‘कप’मध्ये ठीक असतो आणि ‘कावळा’मध्ये पडतो. चित्रं शहरात आणि गावात दोन्हीकडे तपासा. ‘सूप’ म्हटल्यावर मुंबईतलं मूल वाटी बघायला मागतं आणि गावातलं धान्य पाखडायचं सूप. ‘उखळ’ तर कित्येकांनी पाहिलेलंच नाही. ‘ळ’साठी केळं, डोळा, बाळ, माळ हे शब्द दोन्हीकडे चालतात. तयार यादी आधी १०-१५ सामान्य मुलांवर चालवून बघा. ज्या चित्राचं नाव दहातल्या आठांनी आपणहून सांगितलं नाही, ते चित्र काढून टाका. मूल गप्प बसलं तर आधी खूण, मग दोन पर्याय, आणि शेवटी ‘हा फुगा. फुगा उडाला. काय उडालं?’ अशी लांबवलेली नक्कल. कोणता शब्द कसा मिळाला हे त्या-त्या शब्दापुढे लिहा. नक्कल करून म्हटलेला शब्द स्वतःहून म्हटलेल्यापेक्षा सहसा बरा येतो, आणि दोन्ही एकत्र मोजले तर मूल आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं.

ध्वनिमुद्रण ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, वेव्ह फाइल. फोनवर व्हॉट्सअॅपने आलेला आवाज चालत नाही. लहान मुलाच्या ‘स’ची बरीच ऊर्जा ८ किलोहर्ट्झच्या वर असते. १६ किलोहर्ट्झने नमुने घेतले तर ८ च्या वरचं काहीच टिकत नाही, आणि फाइल दाबताना उरलेलंही विरळ होतं. मग ‘स’ आणि ‘श’ यातला फरक मुलाने केला की यंत्राने पुसला, हे सांगता येत नाही. माइक कॉलरला लावा किंवा तोंडापासून १५-२० सेंटिमीटरवर, आणि अंतर शेवटपर्यंत तेवढंच ठेवा. अंगणवाडीत पोषण आहाराची वेळ टाळा. पंखा बंद करा. एप्रिलमध्ये बंद पंख्याखाली मूल दहा मिनिटांत कंटाळतं, म्हणून दोन छोट्या बैठका ठरवा. जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्यावर पाऊस वाजतो, आणि त्याहून वाईट म्हणजे निम्मी मुलं सर्दीने भरलेली असतात. नाक चोंदलं की ‘म’चा ‘ब’ ऐकू येतो आणि मधल्या कानात पाणी साठलं की ऐकणंही कमी होतं. म्हणून ज्या दिवशी मुद्रण त्याच दिवशी श्रवणचाचणी: १०००, २००० आणि ४००० हर्ट्झला २० डेसिबल. आवाज ऐकला की ठरलेली खूण करणं ज्या मुलांना जमत नाही त्यांच्यासाठी ओएई (आतल्या कानाची चाचणी) आणि टिम्पॅनोमेट्री (मधल्या कानाची), ज्यात मुलाने प्रतिसाद द्यावा लागत नाही. महिन्यापूर्वीच्या चाचणीवर विसंबू नका.

ध्वनिलेखन देवनागरीत करू नका, हे आग्रहाने सांगायचं आहे. देवनागरी वाचायला सोपी, पण दोन ‘च’ एकाच अक्षरात लपतात, शब्दाच्या शेवटचा अ दिसतो आणि ऐकू येत नाही, आणि जिभेच्या बाजूने हवा सोडून केलेला ‘स’ लिहायला तिच्यात चिन्ह नाही. आयपीए, म्हणजे आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी, शिका, आणि विकृत उच्चारांसाठीची तिची वाढीव चिन्हंही. ८० शब्दांचं काटेकोर लेखन करायला सुरुवातीला दोन तास लागतील असं धरून चला. २४० मुलं घेतली तर त्याचे किती महिने होतात हे पीएचडीच्या अर्जाआधी कागदावर मांडा. बहुतेक वेळापत्रकं इथेच कोसळतात. निदान २० टक्के नमुने दुसऱ्या माणसाने, तुमचं लेखन न बघता लिहावेत. दोघांनी सारखी लिहिलेली व्यंजनं भागिले एकूण व्यंजनं गुणिले शंभर, ही जुळणी ८५ च्या खाली गेली तर पुढचं सगळं गणित वाळूवर आहे. ही जुळणी वयोगटानुसार आणि ध्वनीनुसारही द्या. एकूण ९० टक्के आणि ‘ळ’साठी ६० टक्के असं होऊ शकतं, आणि तुमचा विषयच ‘ळ’ असेल तर तो ९० काही कामाचा नाही.

कान हा एकच पुरावा मानू नका. मुलाचे ‘काका’ आणि ‘टाटा’ दोन्ही आपल्याला ‘टाटा’ ऐकू येतात, पण प्राट (Praat) या आवाजाच्या विश्लेषणाच्या संगणक प्रणालीत उघडून बघितलं तर दोन्हींच्या स्फोटाचा, म्हणजे अडलेली हवा सुटते त्या क्षणाचा, वर्णपट वेगळा निघतो. म्हणजे मुलाच्या डोक्यात भेद आहे, तो फक्त आपल्या कानापर्यंत पोचत नाही. अशा मुलाला भेद शिकवायचा नसतो, तो मोठा करायचा असतो. प्राट फुकट आहे. फोन (Phon) नावाची संगणक प्रणालीही फुकट आहे, आणि तिच्यात लेखन, आवाज आणि व्यंजनांची मोजणी एकत्र राहते.

बरोबर व्यंजनांची टक्केवारी म्हणजे पीसीसी हे माप श्रिबर्ग आणि क्वियाटकोव्स्की यांनी १९८२ मध्ये दिलं. ८५ च्या वर सौम्य, ६५ ते ८५ सौम्य-मध्यम, ५० ते ६५ मध्यम-तीव्र, ५० च्या खाली तीव्र. हे पट्टे इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या संभाषणावर बेतलेले आहेत. मराठी चित्रनामांच्या यादीवर ते जसेच्या तसे चिकटवून ‘तीव्र’ म्हणणं चूक आहे. मराठीत मोजण्याआधी नियम लिहून ठेवावे लागतात: ‘म्ह’ एक व्यंजन धरायचं की दोन? ‘हत्ती’तला ‘त्त’ एक की दोन? ‘दूध’चं ‘दूद’ चूक का, जेव्हा घरातली मोठी माणसंही तसंच म्हणतात? कोणतंही उत्तर चालेल, पण ते मुद्रणाआधी ठरलेलं आणि प्रबंधात छापलेलं हवं. मूळ पीसीसीत विकृत ‘स’ही चूक धरतात, सुधारित मापात तो बरोबर धरतात. कोणतं माप वापरलं हे न लिहिलेले लेख तुलनेला निरुपयोगी ठरतात.

आकडेशास्त्रात एकच चूक वारंवार दिसते. २४० मुलं, प्रत्येकी ८० शब्द, म्हणून १९,२०० नमुने असं मानून साधी चाचणी लावतात. एकाच मुलाचे ८० शब्द एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, आणि एकच शब्द २४० मुलांनी म्हटला की तेही नसतात. मूल आणि शब्द दोन्ही यादृच्छिक घटक म्हणून घेणारं मिश्र लॉजिस्टिक प्रतिमान (mixed logistic model) वापरा. आर (R) ही आकडेमोडीची संगणक प्रणाली शिका, आणि संख्याशास्त्रज्ञाला आकडे गोळा झाल्यावर नाही, प्रस्ताव लिहिताना भेटा.

उपचारावर संशोधन करायचं असेल तर मोठ्या चाचणीची घाई नको. तीन-चार मुलांवर बहु-आधाररेषा रचना (multiple baseline design) नीट केली तर ती छापण्याजोगी असते. उपचाराआधी पाच मोजमापं, प्रत्येक मुलाचा उपचार वेगळ्या आठवड्यात सुरू, आणि न शिकवलेला एक ध्वनी नियंत्रण म्हणून. शिकवलेला ‘स’ सुधारला आणि न शिकवलेला ‘र’ जागेवर राहिला, तरच सुधारणा वयाने आली नाही असं म्हणता येतं. शिकवलेल्या शब्दांवर यश मोजू नका, न शिकवलेल्या शब्दांवर मोजा. किमान जोड्यांसाठी, म्हणजे एकाच ध्वनीने वेगळ्या होणाऱ्या शब्दांसाठी, मराठीत चांगला माल आहे: साप-ताप, सूप-तूप, कार-तार. ‘वेल-वेळ’ ऐकायला उत्तम, पण ‘वेळ’चं चित्र तीन वर्षांच्या मुलाला दाखवून बघा म्हणजे अडचण कळेल. मुलांना यादृच्छिक गटांत विभागून उपचार तपासणार असाल तर पहिलं मूल घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे उपचार-चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत, नोंदणी करा. एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी चालत नाही.

नीती समितीची परवानगी मिळायला महिने जातात, म्हणून प्रस्ताव तयार होताच अर्ज द्या. संमतिपत्र सोप्या मराठीत, आईवडिलांना वाचून दाखवलेलं असावं. त्यात दोन वेगळ्या चौकटी नक्की ठेवा: आवाज वर्गात ऐकवायला हरकत आहे का, आणि इतर संशोधकांना द्यायला हरकत आहे का. हे विसरलं की सगळं मुद्रण कपाटात पडून राहतं. नंतर २०० घरं पुन्हा शोधणं होत नाही. मूल मुद्रणात स्वतःचं नाव, शाळेचं नाव बोलून जातं. तो तुकडा कापून मगच फाइल साठवा. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती कायद्यात १८ खालच्यांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. आणि मूल नको म्हणालं तर सही असूनही तिथे थांबायचं.

आता पदव्या. बीएएसएलपीनंतर वाचा-भाषा विकारांत एमएस्सी, आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी चालू ठेवणं. ती नसेल तर शिकवण्याची दारंही बंद होतात. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था (१९६५), वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था (१९८३), नायर रुग्णालयाचं महाविद्यालय, पुण्यात भारती विद्यापीठ, शिवाय मणिपाल आणि चेन्नईचं श्री रामचंद्र ही ठिकाणं बघा. नाव बघून नव्हे, तर मार्गदर्शकाने गेल्या पाच वर्षांत मुलांच्या वाणीवर काय छापलं ते वाचून निवडा. मार्गदर्शकाला मराठी येत नसेल तर मराठी ध्वनिशास्त्र जाणणारा सहमार्गदर्शक पाहिजेच. डेक्कन कॉलेजचा भाषाशास्त्र विभाग त्यासाठी जवळचा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला किमान तीन, कमाल सहा वर्षं आणि किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम. वरचं वेळापत्रक मांडलं तर चार ते पाच वर्षं प्रामाणिक अंदाज.

पैशाचं उत्तर मिश्र आहे. यूजीसीची जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,०००, दोन वर्षांनी ४२,०००. ती नसेल तर बहुतेक जण अर्धा दिवस क्लिनिक करून पीएचडी ओढतात, आणि ध्वनिलेखन रात्री होतं. थकलेला कान चुकतो, म्हणून तसं करावं लागलं तर लेखन सकाळी आणि क्लिनिक दुपारनंतर ठेवा. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन सातव्या आयोगात ५७,७०० पासून सुरू होतं, पण कायमच्या जागा थोड्या आहेत आणि शिकवणं, ओपीडी व विद्यार्थ्यांची देखरेख यातून संशोधनाला आठवड्याचा एखादा दिवस उरतो. तो दिवस नेमणुकीच्या वेळीच मागून घ्या. परदेशी पीएचडीला शिष्यवृत्ती बरी असते, पण त्या पदवीने तिथला क्लिनिकल परवाना मिळत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. लेख कुठे छापला याला पुढे वजन असतं. मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांपासून स्वतःच सावध राहावं लागतं.

इंटर्नशिपचे जेवढे महिने उरलेत त्यात एक करता येईल. संस्थेची परवानगी आणि पालकांची संमती घेऊन तीन ते पाच वयाच्या दहा मुलांचे २५-२५ शब्द नीट मुद्रित करा, आयपीएत लिहा, कागद पाकिटात बंद करा. दोन आठवड्यांनी तेच आवाज पुन्हा, आधीचं न बघता लिहा आणि स्वतःशीच जुळणी काढा. ८० च्या खाली आली तर कुठे घसरली ते बघा: बहुधा ‘ळ’, महाप्राण आणि दोन ‘च’ इथे. तेवढेच ध्वनी घेऊन महिनाभर रोज अर्धा तास ऐका, आणि तिसऱ्यांदा लिहा.